मूळ पुरुष आणि पहिली पंगत

खरसवाडीच्या माळावर, जिथं भर पावसाळ्यातही ओढ्याला घोटाभर पाणी येत नाही, तिथं आमच्या मूळ पुरुषाचा पुतळा होडीत उभा आहे. म्हणजे मूळ पुरुष घोड्यावर बसलेले आहेत आणि घोडा होडीत उभा आहे. हायवेवरून जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि हे काय म्हणून विचारतात. गावातलं कुणीही सांगतं, "घाटवळ्यांचा पुतळा हाय. आन् होडीचं इच्यारायचं आसंल तर गुरुजींना इच्यारा."

गुरुजी म्हणजे मी. हणमंत घाटवळे, निवृत्त विज्ञान शिक्षक आणि घाटवळे कुलमंडळाचा बावीस वर्षांचा चिटणीस. होडी माझ्यामुळे आली. हे आता मोकळेपणानं कबूल करतो, कारण लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

आमच्या कुलवृत्तांतात पहिल्याच पानावर लिहिलंय की मूळ पुरुष सुभानराव पांढऱ्या घोड्यावरून थेट राजस्थानातून आले, या माळावर घोडा अडला, म्हणून ते उतरले आणि इथंच राहिले. घोडा का अडला हे लिहिलेलं नाही. पुढं पाणी नाही हे घोड्याला कळलं होतं आणि सुभानरावांना कळलं नाही, असं माझं मत आहे. पण चिटणीसाला मत नसतं.

मंडळाचे अध्यक्ष विश्वासआबा. साखर कारखान्याचे माजी संचालक, वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीचा. त्यांनी सुभानरावांचा नऊ फुटी फायबरचा पुतळा करवून घेतला आणि मग एका अडचणीवर गाडं अडलं. पुतळ्याचं तोंड कुठं करायचं? आबांचं म्हणणं, मूळ पुरुषानं आपल्या मूळ गावाकडं बघितलं पाहिजे. आता राजस्थान म्हटलं तरी केवढं, जोधपूर धरलं तर एक कोन आणि उदयपूर धरलं तर दुसरा. म्हणून आबांनी चौथऱ्यावर उसाच्या ट्रॉलीचं फिरतं चाक बसवलं, त्यावर सुभानरावांना चढवलं आणि मला म्हणाले, "हणमंता, तीस वर्सं इज्ञान शिकिवलंस न्हवं? दिशा काढून दे."

दिशा काढायचं यंत्र त्या सुमारास बाजारात आलंच होतं. 'मूळशोध' त्याचं नाव, आकार शिवणयंत्राएवढा. आमच्या भागात ते आधी खिल्लार बैलांची वंशावळ तपासायला आलं. बैलांची मुळं निघायला लागल्यावर बैलांच्या मालकांना राहवेना. दोनेक वर्षांत अशी वेळ आली की लग्न जुळवताना कुंडलीच्या आधी लोक 'मूळपत्रिका' मागायला लागले.

विज्ञानाचा कंटाळा असलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोसावेत. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाला आणि त्याच्याकडून त्याच्या मुलाला, असं जवळजवळ जसंच्या तसं जातं. जवळजवळ, कारण उतरवून घेताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं, आणि चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या पिढ्या इमानानं तसंच उतरवतात. वर्गात कुणी कुणाची वही बघून लिहिलंय हे आम्ही मास्तर लोक बरोबर उत्तरावरून ओळखत नाही, सारख्या चुकीवरून ओळखतो. यंत्र तेच करतं. दोन माणसांच्या वायमध्ये त्याच चुका असल्या तर त्यांचा कुठंतरी मागं एकच बाप होता. चुका जितक्या कमी वेगळ्या, तितका तो बाप अलीकडचा.

आता गाव कसं काढायचं? यंत्राजवळ गावोगावच्या लाखो पुरुषांचे नमुने आहेत. एखादी जुनी चूक आणि तिच्यातून फुटलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या नव्या चुका ज्या मुलखात सगळ्यांत जास्त सापडतात, तो तिचा जुना मुलूख. जिथं ती जास्त काळ राहिली तिथंच तिला जास्त फाटे फुटणार. मात्र यात एक गोम आहे. घाटवळे म्हणजे कोण, हे यंत्राला ठाऊक नसतं. आधी आपण त्याच्यासमोर तीसेक घाटवळे ठेवायचे आणि सांगायचं, हे बघ, याला घाटवळे म्हणतात. त्यानंतर ते जे बोलेल ते या तीस जणांच्या आधारानं.

फेब्रुवारीतल्या कुलसंमेलनात नमुने घ्यायचं ठरलं. कंपनीनं लावण्या नावाची हैदराबादची तंत्रज्ञ पाठवली. तिला मराठी बेताचंच येत होतं. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, पण त्याआधी अर्धा तास काही खाल्लेलं नको, असा तिचा नियम होता. आमच्या संमेलनात सकाळी आठपासून माणसांची तोंडं बंद अशी नसतातच. म्हणून जेवायला बसल्यावर आणि पहिला घास घेण्याआधी, ही वेळ मी नक्की केली आणि त्याआधी तासभर चहा बंद ठेवला. आबांची एक अट होती. "काड्यांवर नावं घालायची न्हाईत. कुणाचं काय निगंल, उगं भाऊबंदकीत तंटा नको."

दुपारी पहिली पंगत बसली. अध्यक्षांपासून चिटणीसापर्यंत आम्ही झाडून सगळे घाटवळे कमरेला पंचे बांधून बादल्या घेऊन धावत होतो. आबांकडे लापशी होती, माझ्याकडे आमटी. पत्रावळ्यांवर मीठ-चटणी पडली होती. तेवढ्यात लावण्या डबा घेऊन आडवी आली आणि म्हणाली, "सर, घाटवळे जेंट्स कुठे?"

माझ्या दोन्ही हातांत उकळती आमटी. मी हनुवटीनं पंगतीकडे खूण केली आणि म्हणालो, "ते काय ओळीनं बसलेत. पटापट उरका, भात निवतोय."

तिनं बत्तीस जणांच्या गालांतून काड्या फिरवल्या.

संध्याकाळी चार वाजता मोठ्या पडद्यावर निकाल आला. यंत्र शुद्ध पुणेरी मराठीत बोलत होतं. "बत्तीसपैकी तेवीस पुरुष एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत." मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. "उरलेले नऊ इतर वंशांचे आहेत." टाळ्या थांबल्या आणि जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. "तेवीस जणांच्या गटाचे संभाव्य मूळ स्थान कोकण किनारा, खाडीच्या मुखाजवळची गावे. संभाव्यता एक्क्याऐंशी टक्के."

माणदेशातल्या माणसाला कोकण म्हणजे परदेश. आबांनी माईक हातात घेतला, पाणी प्यायले, आणि पंचवीस वर्षं कारखान्याच्या सभा गाजवलेला तो आवाज बाहेर पडला. "मी म्हंतच व्हतो. सुभानराव राजस्थानातनं निगालं, ते समुद्रामार्गं आलं."

मागून कुणीतरी विचारलं, "आन् घोडा?"

"घोडा होडीत व्हता," आबा म्हणाले.

महिनाभरात घोड्याभोवती होडी बसली. चाक फिरवून सुभानरावांचं तोंड पश्चिमेला केलं आणि बोल्ट आवळले. इकडे त्या नऊ जणांनी कुळाची झोप उडवली होती. वाढायच्या गडबडीत आपली काडी राहिली, पण बाकीच्या भाऊबंदांची घेतली, असं जो तो धरून चालला होता, आणि काड्यांवर नावं नसल्यामुळे प्रत्येकाला वाटे, शेजारचा त्या नवांतला आहे. माझा चुलत चुलता आरशासमोर उभा राहून मला विचारायचा, "हणमंता, खरं सांग, मी कोकणी दिसतो का?" तो दिसत नव्हता. मी मात्र मनातून हवेत होतो. विज्ञान खरसवाडीत आलं आणि ते माझ्या हातून आलं, असं मला वाटत होतं.

माझी ही हवा माझ्याच घरात निघाली.

माझी मुलगी ईश्वरी सांगलीच्या हवामान केंद्रात काम करते. तिनं एप्रिलमध्ये संग्राम वेळापुरेचं नाव घरात काढलं. आटपाडीला जनावरांचा डॉक्टर, माझाच विद्यार्थी, स्वभावानं खिल्लार वासरासारखा, चपळ पण मारका नाही. आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. घाटवळ्यांच्या मुली शेजारगावच्या वेळापुऱ्यांकडे द्यायच्या, ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माझ्या बायकोनं, शालननं, त्याच दिवशी रव्याचे लाडू करायला घेतले.

रीतसर मूळपत्रिका जुळवायला दिली आणि उत्तर आलं. "संग्राम वेळापुरे. घाटवळे कुळाशी जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. एकाच मूळ पुरुषाचा वंशज."

आबांनी बैठक बोलावली. "एका कुळात सोयरीक न्हाई. आपल्यात आजपातूर झालेली न्हाई. ह्यो पोरगा तिचा भाऊ लागतो."

मी म्हणालो, "आबा, तुमची थोरली वेळापुऱ्यांकडंच दिलीय. नातू शाळेत जातोय."

"तवा यंत्र न्हवतं. मागचं मागं ऱ्हाऊ द्या. पुढलं नियमानं."

यंत्र मीच आणलेलं, मूळ एक निघालं तर सोयरीक नाही हा नियमही मीच टाइप करून सगळ्यांना पाठवलेला. मी काय बोलणार? ईश्वरीनं भांडण केलं नाही, रडली नाही. फोनवर मला बाबा म्हणायचं मात्र सोडून दिलं. "चिटणीस, आईला फोन द्या," एवढंच म्हणायची. दिवसातून एकदा यायचा तो फोन. त्या 'चिटणीस'नं माझं जेवण गोड लागेनासं झालं. शालननं केलेले लाडू डब्यात तसेच होते आणि तो डबा कुणी उघडत नव्हतं.

मे महिन्यात माझ्या मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत विट्याला होती. मला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं. मेहुणा लापशीवर तुपाची धार धरून म्हणाला, "घ्या की दाजी, तुमचा मान हाय." मी सवयीप्रमाणं म्हणालो, "आमटीला मीठ जरा कमी आहे." मेहुणा "हो हो" म्हणत मिठाला पळाला. खरं तर मीठ बरोबर होतं. पण पहिल्या पंगतीत बसून स्वयंपाकाला नाव ठेवणं हा जावयाचा हक्क, आणि यजमानानं पळत जाऊन मीठ आणणं ही यजमानाची रीत. कुणीतरी हे केलंच पाहिजे, नाहीतर कार्य झाल्यासारखं वाटत नाही.

मी डावीकडे बघितलं, माझा साडू. उजवीकडे बघितलं, चुलत सासऱ्यांचे जावई. समोर मेहुण्याच्या मुलीचा नवरा. सगळी ओळ जावयांची. घरचा एकही पुरुष बसलेला नव्हता. घरचे सगळे कमरेला पंचे बांधून बादल्या घेऊन धावत होते.

माझा घास हातातच राहिला.

आमच्याकडे पहिल्या पंगतीला घरचा माणूस बसत नाही. बसतात ते जावई. मी हनुवटीनं ज्यांच्याकडे खूण केली होती, त्या बत्तीस जणांत एकही घाटवळे नव्हता! ते आमचे बत्तीस जावई होते. त्यांतले तेवीस वेळापुरे, कारण आमच्या मुली जातातच तिकडे, आणि नऊ इतर गावांचे. यंत्रानं अगदी बरोबर काम केलं होतं. आम्ही त्याला वेळापुरे दाखवून घाटवळे म्हणून सांगितलं होतं.

मी ताडकन उठलो. जावई भरल्या पत्रावळीवरून उठला म्हणजे काय होतं, हे ज्याला माहीत नाही त्यानं एकदा उठून बघावं. "दाजी रुसले!" अशी आरोळी झाली. मी लापशीचा हात तसाच घेऊन मोटारसायकलकडे धावतोय, माझ्यामागं मेहुणा टॉवेल-टोपी घेऊन, त्याच्यामागं सासूबाई नारळ घेऊन, आणि शेवटी शालन, "अहो, हात तरी धुवा!" म्हणत. मीठ खरोखरच कमी होतं की काय, म्हणून आचाऱ्याची चौकशी झाल्याचं नंतर कळलं.

कबूल करायला मात्र एवढं पळत जाता आलं नाही. गावच्या वेशीशी येऊन मी पाऊण तास गाडीवर बसून राहिलो. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो की प्रयोग सुरू करण्याआधी नमुना नीट तपासा. आता सगळ्या कुळासमोर उभं राहून सांगायचं होतं की मी न तपासताच आमटी वाढत सुटलो. माझी अब्रू एका बाजूला आणि ईश्वरीचं 'चिटणीस' दुसऱ्या बाजूला. गाडी सुरू केली.

आबांच्या ओसरीवर कार्यकारिणी जमली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. मग आबांचे थोरले जावई, जे योगायोगानं आलेले होते, ते म्हणाले, "तरीच! आमाला वाटलं, औंदा मानपानात कायतरी नवीन काढलंय. दात बघून दक्षिणा देत्यात का काय!" तेव्हा ओसरी फुटली. आबांचे नातूसुद्धा लोळून हसत होते.

आबा एकटे हसले नाहीत. "म्हंजी होडी वेळापुऱ्यांची?" त्यांनी विचारलं.

"होय आबा."

"आन् आमी राजस्थानचंच?"

"ते पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

आबांचा चेहरा उजळला. "मग तपास की! पोरीचं लगीन धर, आन् ह्या बारीला आमची खरी माणसं बसीव यंत्राम्होरं."

बातमी वेळापुऱ्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. आठवड्यात त्यांच्या कुलमंडळाचं पत्र आलं की, होडी आमच्या मूळ पुरुषाची असल्याचं सिद्ध झालं आहे, तरी ती सन्मानपूर्वक आमच्या ताब्यात द्यावी, घोडा आपल्याकडे ठेवावा. आबांनी उत्तर पाठवलं की होडीत आमचा घोडा उभा आहे, तो उतरेपर्यंत थांबा. तो अजून उतरलेला नाही.

ईश्वरीचं लग्न जूनच्या अखेरीस ठरलं. तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मी जेवलो नव्हतो, पण हो म्हणालो.

फेरतपासणी अकरा जूनला झाली. एक्केचाळीस घाटवळे उपाशीपोटी रांगेत उभे राहिले. नावं या वेळी घातली, पण आबांच्या आग्रहानं ज्याचा निकाल त्याला बंद पाकिटात, आणि एकंदर निकालाचा कागद फक्त चिटणीसाला.

तो कागद मी तीनदा वाचला. "एक्केचाळीस पुरुष, चौदा गट. सर्वांत मोठा गट सात जणांचा. समान मूळ पुरुष आढळत नाही. दिशा सांगता येत नाही." कुठं दत्तक, कुठं पहिल्या नवऱ्याचं पोर पदरात घेऊन आलेली बाई, कुठं दुष्काळात आश्रयाला येऊन घरचाच झालेला गडी, आणि काही ठिकाणी जे काही असेल ते. तीनशे वर्षांत आमच्या घरांनी ज्याला ज्याला आपलं म्हटलं, ते सगळे घाटवळे झाले होते. मी कागद आबांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि म्हणाले, "यंत्राला ऊन लागलंय." मंडळाच्या इतिवृत्तात मी लिहिलं, 'निकाल राखून ठेवण्यात आला.'

मग मी माझं पाकीट फोडलं.

"हणमंत घाटवळे. जुळणी: वेळापुरे गट. समान पूर्वज अंदाजे सहा ते आठ पिढ्यांपूर्वी."

मला आधी वाटलं, लावण्यानं पाकिटं बदलली. मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसलो. शालन पोह्याचे पापड लाटत होती. तिनं कागद वाचला, पिठाचे हात पुसले आणि माझ्या टेबलावरचा कुलवृत्तांत आणून समोर ठेवला. "बावीस वर्षं या पुस्तकाची मुद्रितं तपासताय. मी एकदाच वाचलंय. माझं नाव कुठंय ते बघायला. इथं बघा."

तिनं माझ्या खापरपणजोबांच्या ओळीवर बोट ठेवलं. राणोजी, पत्नी गजराबाई.

"पुस्तकात आलेल्या एकूण एक बाईचं माहेर लिहिलंय," शालन म्हणाली. "माझं नाव चुकवलंत, 'शालिनी' केलंत, पण माहेर विटा बरोबर लिहिलं. या गजराबाईचं माहेर नाही. का नाही?"

"राहिलं असेल."

"राहिलं नाही. तिचं माहेर हेच घर. ती घाटवळ्यांची लेक. बाहेरून आला तो राणोजी. घरजावई म्हणून आला आणि तुमचं आडनाव लावून बसला. मला तर लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

तीस वर्षं शाळेत 'निरीक्षण करा' असं फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं संकट समोर होतं. आधीचा निकाल चुकीचा होता आणि आता खरा निकाल तेच म्हणत होता. सगळ्या कुळाचं सोडा, पण माझी ईश्वरी आणि तो संग्राम, यांचा वंश खरोखरच एक निघाला होता. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. हे लपवलं तर मी कसला मास्तर, आणि सांगितलं तर कसला बाप?

त्या रविवारी मी दोघांना बोलावून घेतलं आणि पापडांच्या परातीशेजारी तो कागद ठेवला. संग्रामनं वाचला आणि बोटांवर हिशेब केला. "गुरुजी, आठ पिढ्या मागं गेलं तर माणसाला दोनशे छप्पन पूर्वज असतात. हे यंत्र त्यातल्या एकाचं सांगतंय. एवढ्या लांबच्या नात्याला खिल्लारातसुद्धा कुणी हरकत घेत नाही. आणि खिल्लारवाले लई कडक असतात."

ईश्वरी कागद उलटा करून बघत होती, मागं काही लिहिलंय का म्हणून. "बाबा, मला एक सांगा. हा वाय मुलींकडं जातो का?"

"नाही."

"मग ज्या चिठ्ठीवरून माझं लग्न मोडायचं, ती माझ्याजवळ आलेलीच नाही. ती तुमच्यापाशीच थांबली." तिनं कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "जपून ठेवा. पुढं द्यायला तुम्हाला कुणी नाही."

शालन लाटणं थांबवून म्हणाली, "दोनशे छप्पनातले एकशे अठ्ठावीस तर बायकाच. त्या कुठून चालत आल्या त्याला ना घोडा, ना होडी."

मला हलकं वाटलं. पण आबांना न सांगता लग्न लावणं माझ्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात तो कागद घेऊन ओसरी चढलो. आबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर पानाचा डबा होता आणि डब्याखाली एका पाकिटाचा फोडलेला कोपरा दिसत होता.

"आबा, माझ्या पाकिटात..."

"थांब," आबा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुजं तू मला सांगू नगंस. माजं मी तुला सांगणार न्हाई."

"पण आबा, कुळाचा नियम..."

"हणमंता, नियम आपून टाइप केला. गजराबाईनं केला न्हवता." त्यांनी पान लावून माझ्या हातात दिलं. "लग्नाला येतो. अक्षता टाकतो. जा."

गजराबाईचं नाव मी त्यांच्यापाशी काढलेलंच नव्हतं. पायऱ्या उतरताना माझ्या ते ध्यानात आलं, पण मी मागं वळलो नाही.

लग्न झालं. संग्राम मला गुरुजी म्हणायचा तो मामा म्हणायला लागला. सुभानरावांचे बोल्ट सैल करून ठेवले, कारण आवळायचे कुठल्या दिशेला हे कुणालाच सांगता येईना. आता ते वाऱ्यानं फिरतात. सकाळी एका जिल्ह्याकडे बघतात, दुपारी दुसऱ्या.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा कुलसंमेलन भरलं. लापशी शिजली, वांग्याचा रस्सा झाला, आमटीला उकळी आली. पत्रावळ्या मांडल्या गेल्या आणि बावीस वर्षांच्या सवयीनं मी माईकवरून पुकारलं, "जावई मंडळींनी पहिल्या पंगतीला बसून घ्यावं."

जावई बसायला लागले. संग्राम आमचा नवा जावई, त्याला मधोमध बसवलं. मी माईक खाली ठेवला. पंचा कमरेला बांधायला घेतला, आणि मला राणोजीची आठवण झाली. दुसऱ्याच्या घरी आला, दुसऱ्याचं नाव लावलं, आणि आपण घरचे आहोत हे दाखवायला जन्मभर बादली घेऊन धावला असेल. त्याला पहिल्या पंगतीला कुणी कधी बसवलं असेल का? मी पंचा खांद्यावर टाकला आणि संग्रामच्या शेजारी जाऊन मांडी घातली.

संग्राम कुजबुजला, "मामा, अहो, इथं का?"

"हक्कानं," मी म्हणालो.

लापशीची बादली घेऊन आबा माझ्यासमोर उभे राहिले होते. आता फटकारणार म्हणून मी मान खाली घातली. बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग गुडघ्यांचा कटकट आवाज झाला, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले विश्वासआबा घाटवळे, मंडळाचे अध्यक्ष, माझ्या दुसऱ्या बाजूला पत्रावळीसमोर टेकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. मग तो आरशासमोर उभा राहणारा चुलत चुलता आला. त्याच्यामागून खजिनदार आला. पाकीट उघडलेला एकेक घाटवळे खाली बघत येत गेला आणि बसत गेला. पंगत मंडपाबाहेर गेली. बायका एका बाजूला उभ्या राहून बघत होत्या, आणि शालननं तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती.

आमटी, भात, लापशी, सगळ्या बादल्या ओळीनं जमिनीवर, आणि वाढायला एकही घाटवळे उभा नाही.

पहिल्यांदा संग्राम उठला. त्यानं माझ्या खांद्यावरचा पंचा काढून स्वतःच्या कमरेला बांधला आणि आमटीची बादली उचलली. मग आबांचे थोरले जावई उठले, मग बाकीचे. वेळापुरे वाढायला लागले आणि घाटवळे जेवायला.

आबांनी आमटीचा एक भुरका मारला. पुन्हा मारला. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान वर केली, घसा खाकरला आणि पूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आमटीला मीठ कमी हाय."

"हो हो, आणतो," संग्राम म्हणाला आणि पळत मीठ आणायला गेला.